कोणता ओरखडा आधी वळला?

प्रिय वसंता,

हे पत्र तुझ्या नावाने लिहिते आहे, पण रविवारी ते मी जयपूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात मोठ्याने वाचणार आहे. आधी मराठीत आणि मग तेच हिंदीतून. समोर कोण बसलेलं असेल ते तुला सांगायला हवं. तुझ्या विमानातून जे आले नाहीत त्यांची घरची माणसं असतील. बँकेतल्या जोशींच्या पत्नी कुमुदवहिनी असतील. जौहरी बाजारात ज्यांचं कापडाचं दुकान आहे ते भंवरलालजी असतील, त्यांचा थोरला मुलगा तुझ्या मागे कुठेतरी खिडकीपाशी बसला होता. तुझ्या सहवैमानिकाचे वडील अजमेरहून येणार आहेत. या सगळ्यांची आणि माझी तक्रार एकच आहे. आमची माणसं का गेली, ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. आणि विमानातल्या नोंदीच्या ज्या पत्र्यावरून ते ठरवलं गेलं, तो पत्रा आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही.

आजच का लिहिते? कारण चौकशीचा अहवाल आता दिल्लीला जायचा आहे. तो गेला की "वैमानिकाची चूक" हे शब्द तुझ्या नावाला चिकटतील, आणि मग ते कोणी खरवडून काढणार नाही. गेले काही दिवस मला जो भेटतो तो सांगतो, माईताई, आता शांत व्हा. मंडळाचे अध्यक्षसुद्धा परवा घरी आले होते. चहा घेतला, आईची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "आपण बदलीवर आलेली माणसं. परक्या गावात सरकारशी वाकडं कशाला घ्यायचं?"

मी त्यांना विचारलं, "बाबांची बदली झाली तेव्हा वसंता पाच वर्षांचा होता. त्यानंतर तो इथेच वाढला, इथेच शिकला आणि इथल्याच मातीत पडला. अजून किती वर्षांनी हे गाव आपलं होईल?"

त्यांनी चपला सरकवल्या. छत्री घेतली आणि गेले. पाऊस नव्हता, पण त्यांची छत्री तुला ठाऊक आहे.

तुला ती वादविवाद स्पर्धा आठवते का? गणेशोत्सवातली. विषय होता, यंत्रावर विसंबावे की माणसावर. मी कॉलेजात नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते, तू फ्लाइंग क्लबात जायला लागला होतास. मी माणसाच्या बाजूने बोलले. ग्रीसपासून सुरुवात केली होती, तू पहिल्या रांगेत जांभया देत होतास. मग तू उठलास. तुझं मराठी तेव्हाही अर्धं हिंदी होतं, सातारची आत्या त्यावरून तुला चिडवायची. तू म्हणालास, "ताई म्हणते माणसाला जाण असते. असते ना. पण ढगात शिरल्यावर माणसाचे कान त्याला सांगतात की आपण एकदम सरळ आहोत, आणि विमान असतं कुशीवर झुकलेलं. मतलब काय, तर तिथे जाण नको. तिथे समोरचा काटा बघ. यंत्र खोटं बोलत नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आईनेसुद्धा, माझ्या शेजारी बसून.

आणि मग तू जे केलंस त्याने बाबांचा चेहरा उतरला. निकाल लागला, पहिला क्रमांक तुझा. तू बक्षीस घ्यायला गेलास आणि परीक्षकांसमोर उभा राहून म्हणालास, "सर, हे मला नको. तुम्ही दोघं एका बाकावर बसला होतात. एकाच कागदावर गुण लिहिलेत. दुसऱ्यांनी पहिल्यांचे आकडे बघून आपले लिहिले. मग हा एकच परीक्षक झाला."

डॉक्टर परीक्षक होते ना, ते हसून म्हणाले, "अरे लेका, तुलाच तर जिंकवलंय!"

"म्हणून तर आत्ताच म्हणतोय, भैया," तू म्हणालास. "हरलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, रडतोय."

डॉक्टरांना भैया म्हटल्याबद्दल बाबांनी घरी गेल्यावर तुला जे सुनावलं ते सुनावलं. पण त्या वर्षापासून आपल्या मंडळात परीक्षक सभागृहाच्या दोन टोकांना बसतात आणि आपापले गुण बंद पाकिटात देतात. नवीन बदलून आलेली कुटुंबं हसतात. म्हणतात, पोरांच्या भाषणाला एवढा बंदोबस्त? हसू देत. आपल्या मंडळाची ती रीत आहे आणि ती तू घालून दिलीस.

आता माझी एक तक्रार ऐक. विमानातल्या त्या पेटीबद्दल तू घरात एकदाच बोललास, आणि तेही किती वाईट. आपण सगळे जेवायला बसलो होतो. तू म्हणालास, "ताई, आमच्या शेपटीत आता एक चुगलखोर बसवलाय. काय केलं, कसं केलं, सगळं टिपून ठेवतो."

मी विचारलं, "म्हणजे तुझ्यावर पाळत?"

"पाळत कसली. मी मेलो तर तो साक्ष देईल."

आई पानावरून उठली. तू हसत राहिलास. ते वाक्य तू आईच्या देखत बोलायला नको होतंस, वसंता. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तू नाहीस म्हणून मी तो सोडणारही नाही.

त्याऐवजी त्या दिवशी तू मला तो चुगलखोर नेमकं काय करतो ते समजावून सांगितलं असतंस तर? ते मला तू गेल्यावर शिकावं लागलं. जे मिळेल ते वाचलं, तुझ्या क्लबातल्या जुन्या शिक्षकांना जाऊन छळलं. समोर बसलेल्यांसाठी इथे थोडक्यात सांगते. त्या पेटीत धातूची एक लांब पट्टी असते. मिठाईवर लावतात त्या वर्खासारखी चमकते, पण आगीतून सुद्धा टिकते, इतकी चिवट. ती हळूहळू सरकत जाते आणि तिच्यावर सुया ओरखडे काढत राहतात. एक सुई उंचीची, एक वेगाची, एक दिशेची, एक धक्क्यांची. आवाज टिपणारं काही तुझ्या विमानात नव्हतं. तू शेवटी काय बोललास ते कुठेच नाही. आहेत ते एवढे ओरखडे.

ती पट्टी किती हळू सरकते माहीत आहे? उड्डाणाचं एक अख्खं मिनिट तिळाएवढ्या जागेत मावतं. संक्रांतीला हलवा करताना आपण चिमटीत धरतो तो तीळ. तेवढ्यात एक मिनिट.

आणि तुझ्या शेवटच्या काही सेकंदांवर सगळी चौकशी उभी आहे.

त्या संध्याकाळी सांगानेरच्या विमानतळाच्या बाजूला धुळीची आंधी उठली होती. ते कोणी नाकारत नाही. आमच्या अंगणातल्या दोरीवरच्या चादरी शेजारच्यांच्या छपरावर गेल्या होत्या. विमान धावपट्टीकडे उतरत होतं आणि अलीकडच्याच रिकाम्या शेतात पडलं. प्रश्न एवढाच आहे: ते खाली का आलं? चौकशीत दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. विमानाची उंची आधी घटली आणि वेग नंतर बदलला, तर वैमानिकाने नाक खाली दाबलं असं म्हणता येईल. वेग आधी पडला आणि उंची त्यानंतर, तर आंधीने विमानाखालचा आधार काढून घेतला असं म्हणावं लागेल. म्हणजे दोन ओरखड्यांपैकी कोणता आधी वळला, एवढंच. त्यावर एकतर तुझी चूक, नाहीतर वाऱ्याची.

चौकशीच्या कचेरीत तज्ज्ञ साहेबांनी साक्ष दिली, "उंचीची रेघ आधी वळते. स्पष्ट दिसतं." त्यांनी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली वाचून एक मोठा आलेख काढला होता. भिंतीवर टांगला होता तो. त्यावर एकेक सेकंद बोटभर अंतरावर. केवढा देखणा आलेख! तीळ फुगवून भोपळा केला होता.

मी विचारलं, "साहेब, एक मिनिट तिळाएवढं असेल तर एक सेकंद केवढा? आणि सुईने काढलेल्या ओरखड्याची स्वतःची जाडी केवढी?"

ते म्हणाले, "आमच्याकडे त्याची साधनं आहेत."

"उंचीची सुई आणि वेगाची सुई वेगवेगळ्या आहेत. त्या एकमेकींच्या केसभर पुढे-मागे नव्हत्या, हे कशावरून?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, यंत्र खोटं बोलत नाही."

तुझं वाक्य! वसंता, तुझंच वाक्य त्या माणसाच्या तोंडून आलं, तुझ्याविरुद्ध. मला त्या क्षणी तुझ्याशी भांडायचं होतं. त्या स्पर्धेत मी तुला जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला तिथे, त्या कचेरीत सुचलं. अरे, यंत्र खोटं बोलत नाही कारण यंत्र बोलतच नाही. ते ओरखडा काढतं आणि गप्प बसतं. बोलतो तो माणूस. आणि माणसाला मी प्रश्न विचारणार. तो कितीही शिकलेला असो, त्याने माझ्यापेक्षा दहापट पुस्तकं वाचलेली असोत. त्याच्या ज्ञानाचा मला आदर आहे. पण "स्पष्ट दिसतं" म्हणणाऱ्याने ते मला दाखवलं पाहिजे.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात कुमुदवहिनींनी मला अडवलं. तोवर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. त्यांच्या हातात थर्मास होता, पण त्यांनी मला चहा विचारला नाही.

"तुम्ही बोलता छान," त्या म्हणाल्या. "मला छान नको. तुमच्या भावाने घाई केली का, एवढंच सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही? मग एवढं भांडताय कशासाठी?"

"त्यांनाही माहीत नाही म्हणून. त्यांना माहीत नाही, आणि ते माहीत आहे म्हणताहेत."

त्यांनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "आमचे हे बँकेत दुसऱ्याने तपासलेल्या हिशेबावर कधी सही करायचे नाहीत. स्वतः बेरीज करायचे. साहेब चिडायचे त्यांच्यावर." आणि थर्मासचं झाकण उघडून त्यात मला चहा ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी दुसरे तज्ज्ञ आले. तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पट्टी पुन्हा वाचली होती आणि त्यांचा निष्कर्षही तोच होता, उंची आधी. कचेरीत एक सुस्कारा पसरला, आता प्रश्न मिटला असा. दोन जाणकारांनी एकच सांगितल्यावर उरतं काय?

मला मंडळाचं सभागृह दिसलं, वसंता. एक बाक, एक कागद, दोन परीक्षक.

मी उभी राहिले. चौकशीच्या अध्यक्षांनी परवानगी दिली. विचारलं, "आपल्याकडे आधी काय आलं? पत्र्याची पट्टी की पहिल्या साहेबांचा आलेख?"

ते म्हणाले, "दोन्ही सोबतच आलं."

"आधी काय पाहिलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. प्रामाणिक माणूस, लपवलं नाही. "आलेख."

"मग पट्टीवर काय शोधलंत?"

"आलेखात जे वळण दाखवलं आहे ते पट्टीवर आहे का, ते."

"आणि ते सापडलं."

"हो."

"वेगाची रेघ त्याआधी वळली आहे का, ते शोधलंत?"

त्यांनी हातातले कागद उलटले. पहिले साहेब मध्ये पडले, "हीच पद्धत असते. मॅडम, आपण इतिहास शिकवता, हे आपलं क्षेत्र नाही."

"इतिहास शिकवते म्हणूनच विचारते," मी म्हटलं. "एकाने बखर लिहिली आणि दुसऱ्याने ती समोर ठेवून आपली लिहिली, तर आम्ही त्यांना दोन साक्षीदार मानत नाही. एकच मानतो."

कोणीतरी मागे हसलं. अध्यक्षांनी हातोडी वाजवली नाही, पण कपाळाला आठ्या घातल्या. निवृत्त न्यायाधीश आहेत ते, वाईट माणूस नाही. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "पट्टी पुन्हा वाचून घ्या, ही मागणी वैमानिकाच्या बहिणीने केली तर तिला वजन नाही. आपला त्यात हितसंबंध आहे. प्रवाशांच्या घरच्यांना शंका असेल तर त्यांनी अर्ज करावा. अहवाल जाण्याआधी."

वसंता, मी खाली बसले, कारण ते बरोबर होते. तुझ्यासाठी मी मागितलं तर ती माया आहे. ज्यांनी तुझ्यामुळे आपली माणसं गमावली असं त्यांना सांगितलं गेलंय, त्यांनी मागितलं तरच तो न्याय होईल.

मी घरोघर फिरते आहे. भंवरलालजींच्या दुकानात गेले. त्यांनी गादीवर बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "बहनजी, मेरा बेटा तो गया. पतरा दुबारा पढ़ने से वो आएगा क्या?"

नाही येणार. मी त्यांना तसंच सांगितलं. मग म्हटलं, "संध्याकाळचं विमान अजून त्याच वेळेला येतं. आंधीचे दिवस पुढच्या वर्षीही येतील. वाऱ्याने पाडलं असेल आणि आपण माणसाच्या माथी मारलं, तर एका माणसाला दोष देऊन मोकळे होऊ आणि वारा तसाच राहील. पुढच्या विमानात कोणाचा तरी मुलगा असेल."

त्यांनी कापडाचा एक ठाण उगाच उलगडला आणि परत गुंडाळला. "सोचता हूँ," म्हणाले. बघू. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचं दुःख आहे त्याने ते मला वाटेल तेव्हा, मला हवं तसं वापरू द्यावं असा माझा हक्क नाही.

कुमुदवहिनींनी मात्र अट घातली. स्वयंपाकघरातून न उठता, पोळी लाटता लाटता. "मी अर्ज देते. पण माईताई, पुन्हा वाचलं आणि त्याचीच चूक निघाली तर? मग नवीन तज्ज्ञ शोधाल? मग चौथा, पाचवा?"

त्यांनी मला कुठे पकडलंय ते तुझ्या लक्षात येतंय ना? तज्ज्ञांवर शंका घेणं सोपं आहे. आपल्याला हवं ते सांगेपर्यंत शंका घेत राहणं त्याहून सोपं. मी व्यासपीठावर उभी राहून कितीतरी वेळा म्हटलंय की सत्यापुढे नातं नाही. ते म्हणताना समोर तू नव्हतास, कोणी तरी सोळाव्या शतकातला राजा होता.

मला खरंच माहीत नाही तू त्या क्षणी काय केलंस. तुझा हात पुढे गेला की वाऱ्याने तुला ढकललं? तू घाबरलास का? तू कधी घाबरायचास ते मला माहीत आहे, आत्याच्या विहिरीच्या काठावर घाबरायचास, पण तिथे मी होते. तिथे, आकाशात, तुझ्याशेजारी मी नव्हते, साहेब नव्हते, कोणीच नव्हतं. एक सुई होती. आणि त्या सुईचं म्हणणं दोन माणसांनी एकाच कागदावरून वाचलंय. तू ते स्वतःच्या जिंकण्यालासुद्धा चालू दिलं नाहीस. तुझ्या हरण्याला मी ते कसं चालू देऊ?

तर ऐक. कुमुदवहिनींना मी जे सांगितलं तेच तुला वचन म्हणून देते. पट्टी एकदाच पुन्हा वाचली जाईल. ज्याने पहिला आलेख पाहिलेला नाही, पहिला निष्कर्ष ज्याला सांगितलेला नाही, अशा माणसाकडून. त्याने वेग आधी पडला म्हटलं, तर मी ते दिल्लीपर्यंत ऐकवीन. त्याने "दोन्हींमध्ये फरक करता येत नाही" म्हटलं, तर तेच अहवालात लिहायला लावीन, कारण "कळत नाही" हेसुद्धा उत्तर आहे आणि ते लिहायची लाज कोणाला वाटू नये. आणि उंची आधी वळली, चूक तुझी होती असं निघालं, तर मी याच सभागृहात, याच व्यासपीठावर उभी राहून तुझं नाव घेऊन ते सांगेन. आई पहिल्या रांगेत असेल तरी सांगेन. त्यानंतर चौथा तज्ज्ञ मी मागणार नाही. तुझ्यावर प्रेम करायला मला तू निर्दोष असावास अशी गरज नाही, वसंता. पण तुला दोषी म्हणायचं असेल तर ते नीट वाचून म्हणावं लागेल.

आता मी तुझ्याकडून समोरच्यांकडे वळते. कुमुदवहिनी, भंवरलालजी, अजमेरचे काका आणि ज्यांची नावं मी घेतली नाहीत ते सगळे: सोमवारी सकाळी कचेरीचं दार उघडेल तेव्हा आपल्या हाताने लिहिलेला एक अर्ज घेऊन या. मी लिहून दिलेला नको, वकिलाने लिहिलेला नको. मराठीत लिहा, हिंदीत लिहा. त्यात एवढंच मागा की पहिला आलेख न पाहिलेल्या माणसाने ती पट्टी आमच्यासमोर वाचावी. माझ्या भावासाठी मागू नका. तुमच्या माणसासाठी मागा.

तुझी,
माई

बापूनगर, जयपूर